कोपऱ्यात बसायचा डाव

उकंडानं रुपया मशीनच्या फटीत टाकला, पण दांडीला हात लावला नाही. तो वाकला, काचेला नाक टेकेल इतका जवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला,

"माहा इंद्रजित कोठी हाय, ते सांग."

मशीननं आपला नेहमीचा ढोल बडवला. पडद्यावर दोन पैलवान आले. निळ्या चड्डीतला खेळणाऱ्याचा, लाल चड्डीतला मशीनचा. लाल्यानं काही विचारपूस न करता निळ्याला तुडवायला सुरुवात केली. निळा उभ्या उभ्या मार खात होता आणि उकंडा उत्तराची वाट पाहत होता.

बाहेर अय्यूब ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडे शोधत होता. त्याचे हात तसेच पाण्यात राहिले. पोळ्यापासून तो या माणसाची वाट पाहत होता, पण अशी नाही. त्याला वाटलं होतं, उकंडा येईल तो हातात गोटा घेऊनच येईल, दोन्ही मशीनच्या काचा फोडेल आणि आपण मध्ये पडायचं नाही. बायकोला, हजराबीला, त्यानं तसं सांगूनही ठेवलं होतं.

राळेगावच्या बसस्टँडसमोर अय्यूबचं पंक्चरचं दुकान. मागच्या टिनाच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमची दोन जुनी मशीनं, नागपुरातल्या कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानातून उचललेली. त्या दोन डब्यांविषयी गावात मतांना तोटा नव्हता. मास्तर म्हणायचे, पोरांचे डोळे जातात. बाया म्हणायच्या, डोकं फिरतं. कापसाचा भाव पडला तरी कोणीतरी म्हणायचंच की पोरं तिकडं दांड्या हलवत बसतात, वावराकडं बघतो कोण. जणू भाव पाडायची कळ अय्यूबच्या शेडमध्येच होती. अय्यूब ते हसण्यावारी न्यायचा. एसटी चुकलेल्या माणसानं दोन घटका जीव रमवावा, एवढंच त्याचं म्हणणं. पण इंद्रजित गेल्यापासून त्याला हसू येईना.

इंद्रजित उकंडाचा एकुलता एक, एकोणीस वर्षांचा. बाप ज्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा तिथंच तोही लागणार होता, पण जिनिंगला कुलूप लागलं ते लागलंच. मालकानं पुढच्या हंगामाचा वायदा केला, पुढच्या हंगामानं त्याच्या पुढच्याचा. पोरगा मग सकाळी जवळच्या खेड्यातल्या घरून निघायचा तो अय्यूबकडं येऊन बसायचा. असं दोन वर्षं चाललं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी उकंडा शेडमध्ये शिरला, पोराला मनगटाला धरून मशीनवरून ओढलं, भर बसस्टँडवर दोन थोबाडीत दिल्या आणि अय्यूबला म्हणाला, "तुह्या डब्ब्यानं माहं पोट्टं खाल्लं." पोरानं चप्पल पायात नीट सरकवली आणि चालू लागला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

त्या सालांत आमच्याकडं माणूस दिसेनासा झाला की लोक पोलिसांत जायच्या आधी विहिरीत डोकवायचे. दिवसच तसे होते, कोणाच्या घरात काय शिजतंय याचा भरवसा नव्हता. उकंडानं आसपासच्या साऱ्या विहिरींत गळ टाकून पाहिला. गळ रिकामा वर आला की त्याच्या जिवात जीव यायचा, आणि पुढची विहीर दिसली की पुन्हा जायचा. आता विहिरी संपल्या होत्या.

अय्यूब हात पुसत आत आला.

"उकंडाभाऊ, काय करून राह्यले?"

"इचारून राह्यलो."

"मशीनले?"

"मंग कोणाले इचारू?" उकंडा वळला. त्याचे गाल आत गेले होते. "सोयरे म्हनतात, जंगलाकडं एक भगत हाय, तांदूळ टाकून सांगते. म्या म्हनलं, आमच्यात ते बसत नाही. माह्या बापानं दीक्षा घेतली अन् सारे देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. त्याचा पोरगा होऊन मी भगताच्या दारात बसू? पण हे काही देवधरम नाही, अय्यूबभाई. हे इज्ञान हाय. याच्यात कम्प्युटर हाय, त्याले डोस्कं असते, असं पेपरात येते. इंद्रजित माह्यासंगं घडीभर बसत नोहता, याच्यासंगं दोन वर्ष बसला. जो रोज संगं खेळते, त्याले मनातलं ठाऊक असते का नाही?"

अय्यूबला तेव्हाच सांगता आलं असतं. पण बुडत्याच्या हातातली काडी काढून घ्यायची म्हणजे त्याला काळीजही तसं लागतं. ते अय्यूबकडं नव्हतं.

"टाइम लागते, भाऊ," तो म्हणाला.

"लागू दे," उकंडा म्हणाला, आणि बाकावर बसला.

तो येतच राहिला. लोडशेडिंगचे दिवस, लाइट कधी सकाळी, कधी दुपारी. उकंडा लाइट यायच्या आधी येऊन बाकावर बसायचा. मशीन पेटलं की एक रुपया टाकायचा आणि विचारायचा. कधी विचारायच्या ऐवजी सांगायचा, की बायको, कांता, जेवत नाही, ताट वाढून घेते अन् झाकून ठेवते. रात्री दाराची कडी लावू देत नाही. पोरं पहिल्या दिवशी खिदळली, दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकावर त्याला जागा करून दिली. अय्यूबनं एकदा गल्ल्यातून त्याचा रुपया काढून परत दिला तर उकंडानं घेतला नाही. फुकट विचारलं तर ते मन लावून कायले सांगीन, म्हणाला.

अय्यूबची झोप उडाली. आपण एक शब्द बोललो आणि माणूस त्या शब्दाला लटकून राहिला, हे त्याला दिसत होतं. सोडवायचं कसं ते कळत नव्हतं.

सोडवलं त्याच्या पोरीनं. कहकशां बारावी करून गावातल्याच कम्प्युटरच्या क्लासला जायची. एका दुपारी ती दुकानात डबा घेऊन आली आणि उकंडाला मशीनशी बोलताना तिनं ऐकलं. डबा ठेवून ती बापाकडं आली.

"अब्बा, तुमने बोला नहीं उनको?"

अय्यूबनं मान खाली घातली.

"गुनाह है ये," ती म्हणाली, आणि आत जाऊन बाकावर उकंडाशेजारी बसली. "काका, याले काही माहीत नाही."

"दोन वर्ष होता तो इथं, बाई."

"दोन वर्ष काय अन् दोन मिनिट काय. तुम्ही लाथ मारली तं हे हात आडवा करते. तुम्ही उडी मारली तं हे खाली बसते. बनवणाऱ्यानं एवढंच भरलं यात. समोर कोण बसलं, ते याले दिसत नाही. लाइट गेली का सगळं साफ. इंद्रजितदादा याच्यासाठी रोज नवाच होता."

उकंडानं मशीनकडं पाहिलं. लाल चड्डीतला पैलवान निळ्याला मारून झाल्यावर हात वर करून नाचत होता.

"म्हणजे हे त्याले वळखतबी नोहतं?"

"नाही, काका."

"इतके दिवस समोर बसला पोट्टा. एकदाबी इचारलं नसन यानं, काहून बा, कामधंदा नाही काय, घरी काही झालं काय?"

"ते विचारत नाही, काका. त्याले तसं विचारता येत नाही."

उकंडानं मशीनवरची नजर काढली. मग म्हणाला, "मंग तं माह्यासारखंच निघालं," आणि धाय मोकलून रडू लागला. पोरं शेडबाहेर निघून गेली. कहकशां ओढणीचं टोक मुठीत धरून तिथंच बसून राहिली. अय्यूब टबापाशी परत आला. त्यानं आठवून पाहिलं. दोन वर्षांत आपणही त्या पोराला सुट्टे आहेत का, याखेरीज काही विचारलं नव्हतं.

आता उकंडा येणार नाही, असं अय्यूबनं धरलं होतं. पण दुसऱ्या दिवशी लाइट यायच्या आधी तो बाकावर हजर.

"आता काय इचारता, भाऊ?"

"काही नाही इचारत. तो कसा खेळे, ते दाव मले."

अय्यूबनं दाखवलं. इंद्रजितचा डाव साऱ्यांपेक्षा वेगळा होता. खेळ सुरू झाला की तो एकच लाथ घालायचा. तेवढी लागली की निळ्याला पळवत डाव्या कोपऱ्यात न्यायचा, खाली बसवायचा आणि दांडी सोडून आपले दोन्ही हात काखेत घालून ठेवायचा. लाल्या धावत यायचा आणि पुढ्यात येऊन थांबायचा. मागं जायचा, पुन्हा यायचा. मारणाऱ्याला कसं मारायचं ते त्याला येत होतं, पळणाऱ्याला कसं गाठायचं तेही येत होतं. पण कोपऱ्यात खाली बसून जो काहीच करत नाही त्याचं काय करायचं, हे त्याच्यात कोणी भरलंच नव्हतं. वर घड्याळाचा आकडा उतरत शून्यावर यायचा आणि एका लाथेच्या जोरावर निळा जिंकायचा. बाकीची पोरं याला रडीचा डाव म्हणायची. रुपया टाकून गप्प बसायचं, एवढा धीर कोणाला?

उकंडानं ते पाहिलं. काखेतले हातही पाहिले. पोळ्यानंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"हे तं माहंच हाय," तो म्हणाला.

"तुमचं?"

"इंद्रजित सात वर्षांचा असन तेव्हा. मास्तरच्या माराले भिऊन कापसाच्या पऱ्हाटीच्या गंजीत लपला. वाळली पऱ्हाटी ते, आत साप का इचू, काय असन कोण जाणे. कांता हाका मारून थकली. भावकीतले पोट्टे काठ्या घालून ढोसू लागले, तं तो अजून आत गेला. मंग म्या सगळ्यायले हाकलून देल्लं. थंडीचे दिवस होते. गंजीसमोर बसलो, असे हात काखेत घालून. त्याच्याकडं पायलं नाही, का आवाज देल्ला नाही. दिवस कलला तसा आपल्या मनानंच बाहेर आला अन् माह्या बाजूले बसला. त्यानंबी तसेच हात घातले." उकंडाचं हसू विरलं. "तेव्हा मले इतकं समजे, अय्यूबभाई. मंग या खेपेले म्या कायले ओढलं त्याले?"

अय्यूबनं उठून त्याला मशीनसमोरची जागा दिली.

उकंडा तो डाव शिकायला बसला. पण पहिली लाथच त्याला जमेना. गाठी उचलून बोटं जाड झालेली, त्याला दांडी सापडायची तर बटन नाही, बटन सापडायचं तर दांडी नाही. निळा कोपऱ्यात पोचायच्या आतच आडवा व्हायचा. उकंडा उठून दुसऱ्याला जागा द्यायचा आणि बाकावरून बघत राहायचा.

वीटभट्ट्या पेटायचे दिवस आले. कोळशाच्या गाड्या येऊ लागल्या. एका दुपारी भट्टीवर माल टाकून परत निघालेला ट्रक अय्यूबच्या दारात लंगडत येऊन उभा राहिला. मागचं चाक बसलं होतं. ड्रायव्हर आसिम नावाचा तरुण, कपाळापासून कोपरापर्यंत काळा. अय्यूबनं जॅक लावला तसा तो म्हणाला, "आराम से करो चाचा," आणि आतून ढोल ऐकू आला म्हणून शेडमध्ये गेला.

अय्यूब चाकाचे नट सोडत होता. आतली खडखड त्याच्या सवयीची होती, ती चालू आहे का बंद हेही एरवी त्याच्या ध्यानात येत नसे. पण आत्ता मशीनचं संगीत चालू होतं आणि बटनांचा आवाज नव्हता. त्यानं मान वर केली. पाना तसाच हातात घेऊन तो शेडच्या दाराशी गेला.

आसिम मशीनसमोर बसला होता. निळा पैलवान डाव्या कोपऱ्यात. लाल्या येत होता, थांबत होता, मागं जात होता. आसिमचे दोन्ही हात काखेत होते. आणि बाकावरचा उकंडा उठून त्याच्या मागं उभा होता.

"हे कोनं शिकवलं तुले?"

आसिम दचकला. "काहून, काका?"

"कोनं शिकवलं?"

"वणीकडं, राजूरले एक जण हाय. चुन्याच्या भट्टीवर. संध्याकाळी आमच्या अड्ड्यावर गेम खेळाले येते."

"अन् हात?" उकंडानं बोट दाखवलं. "हात कायले घातले असे?"

"ते तं पहिलं," आसिम हसला. "तो म्हनते, हात बाहेर राह्यले का खाज सुटते. बटन दाबल्याच जाते. मंग डाव गेला."

"त्याच्या डाव्या कानामागं डाग हाय काय?"

"कान कोण पायते, काका. चुन्यानं सगळाच पांढरा असते. इंद्रा म्हनतात त्याले. जास्त बोलत नाही."

"कधी पायलं तुनं त्याले?"

"काल."

उकंडा खाली बसला. जमिनीवरच. "काल," तो म्हणाला. "अय्यूबभाई, काल. जिता हाय."

अय्यूबनं उभ्या आयुष्यात इतक्या घाईनं चाक बसवलं नसेल. त्याच्याच डोळ्यांना धार लागली होती, नट दिसत नव्हते. उठा, ह्याच गाडीत बसा, मीबी येतो, असं तो चाकाखालूनच ओरडत होता. आसिमला सारं सांगितलं तसा तोही घाईला आला. उकंडा केबिनमध्ये चढला. दार लागलं, गाडी सुरू झाली. अय्यूब शेडचं दार ओढून कुलूप लावायला वळला.

तो परत फिरला तेव्हा उकंडा खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभा होता.

"काय झालं?"

"मी नाही जात."

अय्यूबचं डोकं सणकलं. "बाप हाय का दगड हाय तू? साऱ्या विहिरी ढुंढल्या, त्या डब्ब्यापुढं रडला, अन् आता पोरगा सापडला तं नाही जात म्हनते?"

एरवी तो उकंडाला अहोजाहो करायचा. उकंडाला त्याचा राग आला नाही.

"मले पायलं का तो म्हनन, आला ओढाले," तो म्हणाला. "राजूरबी सोडीन मंग. त्याच्या पुढं कोठी पाहू मी? तिकडं तं कोळशाच्या खदानी हायेत."

तो ट्रकच्या खिडकीशी गेला. सदऱ्याच्या खिशात मशीनसाठी आणलेला रुपया होता. तो काढून त्यानं आसिमच्या हातावर ठेवला.

"त्याले दे. म्हन, बापानं देल्ला, एक गेम खेळ."

"अन् काय सांगू, काका? घरी ये म्हनू?"

उकंडाचे ओठ हलले. एकदा, दोनदा. मग त्यानं मान हलवली.

"नको म्हनू. काहीच नको म्हनू. खेळू दे त्याले."

आसिमनं अय्यूबकडं पाहिलं. अय्यूबनं हात हलवून जा म्हटलं. ट्रक वणीच्या रस्त्याला लागला, मागं उरलेला कोळशाचा भुगा उडत राहिला. मागं शेडमध्ये लाइट गेली आणि दोन्ही मशीनचे आवाज बंद पडले.

"अन् नाही आला तं?" अय्यूबनं विचारलं.

"त्याच्यातला टाइम संपते," उकंडा शेडकडं पाहत म्हणाला. "माहा नाही संपत."

"कांताभाभीले काय सांगसान?"

"जिता हाय म्हनून सांगीन. आज जेवन ते."

उकंडाच्या गावच्या एसटीला अवकाश होता. तो थांबला नाही, पायीच निघाला. वणीचा रस्ता उजव्या हाताला फुटतो त्या वळणावर त्याचे पाय अडखळले. अय्यूबला वाटलं, आता हा तिकडं पळत सुटणार. पण तो गावाच्या वाटेला लागला, मान खाली घालून. पाठमोरा चालताना त्यानं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.